'ओळख', 'अस्मिता' आणि 'स्व': बदलत्या 'मी'साठी कोणता शब्द योजावा?

प्रश्न

मानसशास्त्रावरील एका लेखाचा मराठी अनुवाद तपासत असताना एक वाक्य मला वारंवार अडवते आहे: 'व्यक्तीची अस्मिता प्रवाही असते.' मूळ लेखकाचे म्हणणे अवघड नाही. माणूस जन्मभर एकच एक राहत नाही. वय, नाती, काम, आजारपण, श्रद्धा यांच्याबरोबर त्याची स्वतःविषयीची कल्पना बदलत जाते, आणि एकाच दिवशी निरनिराळ्या माणसांसमोर तो निरनिराळा असतो. अनुवादकाने 'आयडेंटिटी'साठी सर्वत्र 'अस्मिता' हा शब्द घेतला आहे आणि काही ठिकाणी 'तरल अस्मिता' असेही लिहिले आहे. व्याकरणाच्या दृष्टीने या वाक्यांत काही चूक नाही, तरीही ती कानाला खटकतात. 'अस्मिता'च्या जागी 'ओळख' घालून पाहिले, तर वाक्य सहज वाचले जाते, पण अर्थ वरवरचा झाल्यासारखा वाटतो. 'ओळख', 'अस्मिता', 'स्व', 'स्वत्व' या शब्दांच्या छटा जाणकारांनी स्पष्ट कराव्यात, ही विनंती.

प्रतिसाद १

आपल्या कानाचा कौल बरोबर आहे. 'अस्मिता' या शब्दाची घडणच विलक्षण आहे. 'मानवता', 'सुंदरता' यांत 'ता' हा प्रत्यय नामाला किंवा विशेषणाला लागतो. 'अस्मिता'त मात्र तो 'अस्मि', म्हणजे 'मी आहे', या प्रथमपुरुषी क्रियारूपाला लागला आहे. शब्दशः अर्थ होतो 'मी-आहे-पणा'. पतंजलीच्या योगसूत्रांत अस्मिता हा पाच क्लेशांपैकी, म्हणजे दुःखाला मूळ असलेल्या दोषांपैकी, एक क्लेश आहे, आणि त्याची व्याख्या (२.६) अशी: 'दृग्दर्शनशक्त्योरेकात्मतेवास्मिता'. पाहणारा आणि त्याचे पाहण्याचे साधन हे जणू एकच आहेत असे वाटणे, म्हणजे अस्मिता. यातला 'इव', अर्थात 'जणू', महत्त्वाचा आहे, कारण ही एकरूपता खरी नाही, ती भासते, असे सूत्रकाराला म्हणायचे आहे.

जो शब्द एका गैरसमजाचे नाव होता, तो आजच्या मराठीत अभिमानाने मिरवण्याची वस्तू झाला आहे. भाषिक अस्मिता, प्रादेशिक अस्मिता, जातीय अस्मिता या प्रयोगांकडे पाहावे. अस्मिता 'जागी होते', 'जपली जाते', 'दुखावते', आणि ती बहुधा समूहाची असते. दुखावण्यासाठी वस्तूला कडा असाव्या लागतात, वाहत्या पाण्याला दुखापत होत नाही. म्हणून 'अस्मिता प्रवाही असते' या वाक्यात नाम आणि विशेषण एकमेकांकडे पाठ करून उभे राहतात. एकट्या माणसाच्या आत चाललेल्या बदलासाठी हा शब्द मी तरी वापरणार नाही.

'तरल'विषयी थोडक्यात. हिंदीत 'तरल' म्हणजे द्रव; अनुवादकाच्या मनात बहुधा तोच अर्थ असावा. संस्कृतात त्याचा अर्थ थरथरणारा, चंचल असा आहे, आणि मराठीत आपण 'तरल भावना', 'तरल कविता' म्हणतो तेव्हा सूक्ष्म, हळुवार असे काही सुचवायचे असते. 'तरल अस्मिता' वाचून मराठी वाचकाला 'नाजूक अस्मिता' असे वाटले, तर दोष वाचकाचा नाही.

प्रतिसाद २

'ओळख' या शब्दाला उथळ म्हणण्याआधी त्याचे प्रयोग नीट पाहावेत, असे मला सुचवायचे आहे. ओळख 'होते', 'असते', 'वाढते', 'पटते', 'करून दिली जाते'. ती 'ठेवावी' लागते. एखादा माणूस समोर येऊनही ती 'दाखवत नाही'. आणि पुष्कळ वर्षांनी भेटलेला माणूस 'ओळखलंत का?' असे विचारतो. या प्रत्येक प्रयोगात किमान दोन माणसे आहेत. मराठीच्या जुन्या वळणात ओळख ही कुणाच्या मालकीची वस्तू नसून दोघांच्या मध्ये घडणारी गोष्ट आहे, आणि 'ओळखणे' हे क्रियापद मूळचे असून 'ओळख' हे नाम त्यापासून आले आहे. घडणारी गोष्ट पुन्हा पुन्हा घडावी लागते, आणि दर वेळी ती तशीच घडेल याची शाश्वती नसते. आपल्या लेखकाला जे सांगायचे आहे, ते या शब्दाच्या व्याकरणातच आलेले आहे.

'स्वतःची ओळख निर्माण करणे', 'माझी वेगळी ओळख' हे प्रयोग तुलनेने नवे वाटतात, आणि त्यांत ओळखीला एकदम मिळकतीचे रूप येते. त्यांना अशुद्ध म्हणण्याचे कारण नाही, कारण भाषा अशीच वाढते. मात्र 'ओळख' शब्दाला जे उथळपण आल्यासारखे आपल्याला वाटते, ते या नव्या प्रयोगांमुळे आणि 'ओळखपत्रा'मुळे आले असावे. ओळखपत्रावरचे छायाचित्र दहा वर्षांपूर्वीचे असते आणि तरी त्याने काम भागते. त्या कागदाला आपण बदललो आहोत की नाही, याच्याशी कर्तव्य नसते.

विल्यम जेम्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १८९० मध्ये असे मांडले होते की माणसाला जितकी माणसे ओळखतात आणि त्याची प्रतिमा मनात बाळगतात, तितके त्याचे सामाजिक 'स्व' असतात. हे वाक्य मराठीत आणताना 'ओळखणे' हे क्रियापद आपसूक हाताशी येते. 'अस्मिता' तेथे उपयोगी पडत नाही.

प्रतिसाद ३

'स्वत्व' या शब्दाबद्दल एवढेच सांगतो. 'स्व' + 'त्व' म्हणून त्यात एकच 'त' आहे. 'स्वत्त्व' हे लेखन चुकीचे आहे. 'तत्त्व', 'सत्त्व', 'व्यक्तिमत्त्व' यांत मूळ शब्दच 'त्'कारान्त (तत्, सत्, व्यक्तिमत्) असल्यामुळे दोन 'त' येतात. धर्मशास्त्रात स्वत्वाचा अर्थ मालकी हक्क असा आहे, आणि याज्ञवल्क्यस्मृतीवरील 'मिताक्षरा' या टीकेत दायविभागाच्या, म्हणजे वारशाच्या वाटणीच्या, संदर्भात त्यावर सविस्तर वाद आहे. 'माझे काय' यासाठीचा हा शब्द 'मी कोण' यासाठी वापरला जाऊ लागला, हे स्थित्यंतर स्वतंत्र चर्चेचा विषय आहे. आपल्या वाक्यात तो बसणार नाही, कारण 'स्वत्व' हे गमावण्याचे किंवा राखण्याचे असते.

प्रश्नकर्ती

तिन्ही प्रतिसादांसाठी मनापासून आभार. 'अस्मिता' बाद झाली आणि 'ओळखी'ची प्रतिष्ठा वाढली, हे मान्य आहे. परंतु एक अडचण उरते. लेखाच्या उत्तरार्धात लेखक विचारतो की सर्वच बदलत असेल, तर बदलले ते कोण? ओळख दोघांत घडते हे खरे, पण एकांतातही माणूस स्वतःला कालचाच समजून जागा होतो. त्या आतल्या सातत्यासाठी कोणता शब्द घ्यावा? आणि 'प्रवाही' हे विशेषण तेवढे पेलू शकेल काय?

प्रतिसाद ४

हा प्रश्न जुना आहे, आणि त्याची परिभाषा आपल्याकडे तयार आहे. फक्त त्यातले बरेच शब्द मराठीत येताना अर्थ बदलून आले आहेत.

पहिला शब्द 'संतान'. आज संतान म्हणजे अपत्य. 'तन्' म्हणजे ताणणे, पसरणे, त्यामुळे मूळ अर्थ अखंड लांबत गेलेला क्रम असा होतो. बौद्ध विचारात 'चित्तसंतान' म्हणजे क्षणाक्षणाला उपजणाऱ्या आणि मावळणाऱ्या चित्तांची मालिका. 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात मिलिंद राजा नागसेन या बौद्ध भिक्षूला विचारतो की जो जन्मतो तो तोच असतो की दुसरा? उत्तर मिळते, 'न च सो, न च अञ्ञो', तोही नव्हे आणि दुसराही नव्हे. मग नागसेन रात्रभर तेवणाऱ्या दिव्याचा दाखला देतो: पहिल्या प्रहरातली ज्योत आणि शेवटच्या प्रहरातली ज्योत एकच म्हणता येत नाही, पण रात्रभर दिवा तर एकच होता. दाखला गाजलेला आहे. मला मात्र त्याआधीचा युक्तिवाद अधिक आवडतो. पाळण्यातले तान्हे मूल वेगळे आणि आताचा मी वेगळा, असे राजा म्हणतो, तेव्हा नागसेन उत्तरतो की तसे असेल तर तुला आई नाही, गुरू नाही, कारण ज्याला आईने वाढवले आणि गुरूने शिकवले, तो तू नव्हेस.

दुसरा शब्द 'पर्याय'. मराठीत याचा अर्थ 'दुसरा उपाय' एवढाच उरला आहे. जैन दर्शनात द्रव्याच्या सतत पालटणाऱ्या अवस्थांना पर्याय म्हणतात, आणि जे काही आहे ते उत्पत्ती, नाश आणि ध्रुवता या तिन्हींनी एकाच वेळी युक्त असते. समंतभद्र या जैन आचार्याने दिलेले उदाहरण असे: सोन्याचा घडा मोडून मुकुट केला, तेव्हा घडा हवा असलेला दुःखी होतो, मुकुट हवा असलेला आनंदी होतो, आणि ज्याला केवळ सोने हवे होते, त्याला काहीच वाटत नाही. बदल झाला की नाही, याचे उत्तर कोण काय शोधत होता यावर ठरते. हा अर्थ 'पर्याय' शब्दात आज पुन्हा भरता येणार नाही, याची मला खंत आहे.

तिसरा शब्द 'प्रत्यभिज्ञा', म्हणजे पूर्वी पाहिलेले पुन्हा ओळखणे, आणि आपल्या प्रश्नाला सर्वांत जवळचा हाच आहे. वेदान्तातले ठरीव वाक्य आहे, 'सोऽयं देवदत्तः', तोच हा देवदत्त. 'तो' म्हणजे पूर्वी अन्यत्र पाहिलेला, 'हा' म्हणजे आत्ता समोर असलेला. दोघांचे काळ वेगळे, स्थळे वेगळी. त्या विशेषणांचा त्याग करून जो माणूस उरतो, त्याच्यापुरते हे वाक्य खरे असते. ब्रह्मसूत्रांतील 'अनुस्मृतेश्च' (२.२.२५) या सूत्रावरील भाष्यात शंकराचार्य बौद्धांच्या क्षणिकवादावर, म्हणजे सर्व काही क्षणभरच टिकते या मतावर, हाच आक्षेप घेतात: ज्या मी ते पाहिले तोच मी आता हे पाहतो आहे, असा अनुभव प्रत्येकाला येतो, पाहणारा एक आणि आठवणारा दुसरा असेल, तर हा अनुभव येणार नाही. पुढे जॉन लॉक या इंग्रज तत्त्वज्ञाने आपल्या ग्रंथाच्या १६९४ च्या दुसऱ्या आवृत्तीत याच विषयावर एक प्रकरण जोडले, आणि जाणीव भूतकाळात जिथपर्यंत पोहोचते तिथपर्यंत व्यक्ती एकच, असे ठरवले. दोघेही स्मृतीचाच आधार घेतात, पण शंकराचार्यांना त्यातून स्थिर आत्मा सिद्ध करायचा आहे, तर लॉकला आत्मद्रव्याचा प्रश्न बाजूला ठेवायचा आहे. डेव्हिड ह्यूम या स्कॉटिश तत्त्वज्ञाने १७३९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात स्वतःच्या आत डोकावून पाहिले आणि आपल्याला तेथे केवळ संवेदना सापडतात, त्यांचा धनी सापडत नाही, असे लिहिले. नागसेनाला ते परके वाटले नसते.

आता 'प्रवाही'. माझ्या मते हे विशेषण उत्तम आहे, कारण प्रवाह म्हणताच पाणी बदलत असूनही नदी एक राहते, हे सुचते. 'अस्थिर' शब्दात दोषारोप आहे, 'परिवर्तनशील' बोजड आहे. मात्र ते 'स्व'ला जोडावे: 'व्यक्तीचा स्व प्रवाही असतो.' आणि जेथे सातत्याची जाणीव अभिप्रेत आहे, तेथे 'मीपण' हा साधा शब्द विचारात घ्यावा. 'मीपणा' नव्हे, त्यात गर्व आला.

प्रतिसाद ५

सर्वनामांचा विचार अजून झालेला नाही. 'आत्मन्' शब्दाचे प्राकृतात 'अप्प' झाले आणि तेथून मराठीत 'आपण' आले. म्हणजे संस्कृतात जो सर्वांत आतला, तो मराठीत इतका सैल झाला की 'आपण या' यात तो समोरचा असतो, 'आपण जाऊ' यात बोलणारा आणि ऐकणारा दोघेही असतात, 'त्याने आपणच कबूल केले' यात तिसराच असतो, आणि 'आपण नाही कुणाला घाबरत' असे म्हणणारा फक्त स्वतःविषयी बोलत असतो. 'मी आपला गप्प बसलो' यातल्या 'आपला'ला तर कसलाच वेगळा अर्थ देता येत नाही, तरी तो काढला की वाक्यातली नम्रता निघून जाते. 'स्व'ची सीमा पक्की नसते हे सांगायला मराठी बोलणाऱ्याला वेगळा सिद्धान्त लागू नये.

याच्या उलट बाजूही आहे. मराठीत 'मी' हे सर्वनाम लिंग दाखवत नाही, पण क्रियापद दाखवते: 'मी आलो', 'मी आले'. ज्या व्यक्तीला स्वतःचे लिंगभान बदलल्याचे जाणवते, तिला प्रत्येक साध्या वाक्यात निवड करावी लागते. 'मी येईन' किंवा 'मी येणार आहे' म्हटले तर निवड टळते, आणि 'मी पत्र लिहिले' यातही, कारण तेथे क्रियापद कर्माप्रमाणे चालते. भविष्यकाळात आणि केलेल्या कामांत 'मी' मोकळा राहतो. नुसते येणे-जाणे, बसणे-उठणे सांगायचे म्हटले की त्याला जाहीर व्हावे लागते. लेखात या विषयाचा भाग असेल, तर अनुवादकाने उदाहरणांतली क्रियापदे फार जपून निवडावीत.

प्रश्नकर्ती

लेखात तसा एक परिच्छेद आहे, आणि त्यात अनुवादकाने मूळ वाक्यातली मोकळीक नकळत घालवली आहे. ती वाक्ये आता भविष्यकाळात फिरवून पाहते. समूहाचा संदर्भ असलेल्या दोन ठिकाणी 'अस्मिता' राहू दिली आहे, समाजातील वावराविषयी जेथे मजकूर आहे तेथे 'ओळख' घेतली आहे, आणि बाकी सर्वत्र 'स्व'. 'मीपण' एकदाच आले आहे, पण तेथे ते चपखल बसले आहे. एका वाक्याचा निर्णय मात्र होत नाही. दीर्घ आजारातून उठलेल्या स्त्रीविषयी तिची मुलगी म्हणते, 'आई आता ती राहिली नाही.' अनुवादकाने त्याचे 'आईचे व्यक्तिमत्त्व आता पूर्वीसारखे राहिले नाही' असे केले आहे.

प्रतिसाद ४ चे लेखक

व्यक्तिमत्त्व काढून टाकावे. त्या वाक्यातील 'ती' म्हणजे 'सोऽयम्'मधला 'सः' आहे, आणि मुलीच्या तोंडी 'आई' हा शब्द तसाच राहिला आहे, हे लक्षात घ्यावे.