मुखवटाधारी, बुरखाधारी की तोतया?

प्रश्न : ‘जी. आय. जो’ या अमेरिकी सैनिकी बाहुल्यांच्या मालिकेतली जुनी खेळणी घरच्या कपाटात मांडतो आहे. प्रत्येकापुढे मराठीत चिठ्ठी ठेवायची आहे. त्यातल्या शत्रुटोळीचा म्होरक्या कोब्रा कमांडर, त्याच्यासाठी ‘गुप्त ओळख असलेला मुखवटाधारी खलनायक’ असं लिहिलं, पण ते कानाला खटकतं. नेमका शब्द सुचवाल का?

– ‘गुप्त ओळख’ काढून टाका. मराठीत ओळख लपवतात, दडवतात, नाहीतर ती गुलदस्त्यात असते. ‘खरं नाव गुलदस्त्यात’ एवढं पुरे.

– मला ‘मुखवटा’च खटकतो. गौरीचा मुखवटा बसवला की गौर आली असं आपण म्हणतो. जव्हार-मोखाड्याच्या बोहाड्यात मुखवटा चढवून सोंग नाचतं, तेव्हा समोर कोणता देव, कोणता राक्षस आहे हे त्या मुखवट्यावरूनच कळतं. म्हणजे मुखवटा झाकतो त्याहून जास्त दाखवतो. कोब्रा कमांडरचं काम नेमकं उलटं. हॅस्ब्रो या खेळण्यांच्या कंपनीने 1982 मध्ये ही मालिका नव्याने आणली, तेव्हापासून त्याच्या तोंडावर आरशासारखी गुळगुळीत झडप आहे. बघणाऱ्याला तिथे चेहऱ्याचा मागमूस लागत नाही. 1984 च्या बाहुलीला डोक्यावरून खांद्यापर्यंत निळा बुरखा आहे, डोळ्यांपुरती फट ठेवलेली. त्याला ‘बुरखाधारी’ म्हणा. वाक्प्रचारही तेच सांगतात : बुरखा दुसऱ्याने फाडायचा असतो, मुखवटा आपसूक गळून पडतो.

– पटलं. आणि खरा ‘मुखवटाधारी’ त्याच मालिकेत आहे की! डेस्ट्रो. त्याचं नाव मॅक्कलन, घराणं स्कॉटलंडचं, धंदा शस्त्रांचा, सगळं जगजाहीर. युद्धातल्या दोन्ही पक्षांना शस्त्रं विकताना पकडलेल्या पूर्वजाला शिक्षा म्हणून पोलादी मुखवटा चढवला गेला. पुढे घराण्याने तोच अभिमानाने मिरवला. त्याच्या चिठ्ठीवर ‘मुखवटा’ हा शब्द अगदी चपखल बसेल.

प्रश्नकर्ता : कपाटात 1987 चा चिलखतवाला कमांडरही आहे. त्यालाही बुरखाधारीच म्हणायचं?

– मार्व्हलच्या चित्रकथांमध्ये त्या चिलखतात खरा कमांडर नाहीच. फ्रेड नावाचा त्याचाच एक माणूस त्याच्या जागी बसतो आणि फौज त्याचे हुकूम पाळत राहते. याला मराठीत एकच शब्द, तोतया. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊ म्हणून वावरलेल्या माणसाला इतिहासाने हेच नाव दिलं. 1776 मध्ये त्याला देहान्त शासन झालं. तोतयाला नुसतं तोंड झाकून भागत नाही. दुसऱ्याचं नाव, हक्क, गादी, सगळं बळकवावं लागतं. हा शब्द विस्मरणात जाऊ नये असं मनापासून वाटतं, तेव्हा जरूर वापरा.

– कमांडरच्या बाजूचा, रूपं पालटणारा झार्टान असेल तर त्याला ‘बहुरूपी’ म्हणता येईल.

– नको. बहुरूपी फौजदार बनून दारात येतो, दरडावतो, घरच्यांना हसवतो आणि शेवटी बिदागी मागतो. त्यात फसवणूक नसते, ती त्याची कला आहे आणि पोटही. झार्टान वेष पालटून घात करतो. त्याला ‘वेषांतरात तरबेज’ म्हणा.

प्रश्नकर्ता : चिठ्ठ्या अशा केल्या. ‘कोब्रा कमांडर : बुरखाधारी म्होरक्या, खरं नाव गुलदस्त्यात.’ ‘डेस्ट्रो : पोलादी मुखवट्याचा शस्त्रविक्या.’ ‘चिलखतातला फ्रेड : कमांडरचा तोतया.’ झार्टानची बाहुली माझ्याकडे नाही, मिळाली की ‘वेषांतरात तरबेज’ लिहीन.

– ‘शस्त्रविक्या’पेक्षा ‘शस्त्रांचा सौदागर’ करा. बाकी उत्तम.