मदत हवी आहे: मधुमेह असलेल्या आईच्या पेडिक्युअरसाठी स्वच्छ पार्लर, कोथरूड परिसर

नमस्कार मैत्रिणींनो. आई ६८ वर्षांची, मधुमेह जुना. वाकून नखं कापणं आता तिला जमत नाही, आणि भाचीच्या लग्नाआधी पेडिक्युअर करून घ्यायची तिला फार हौस आहे. मला मात्र धास्ती वाटते. गेल्या वर्षी एका पार्लरमध्ये माझ्याच अंगठ्याची कड खोल कापली गेली, नखुरडं झालं, आठ दिवस चप्पल घालवेना. आईला तर पायाची संवेदना कमी आहे, लागलेलं कळणारही नाही, आणि जखम भरायला किती वेळ लागतो ते आम्ही एकदा भोगलंय.

काल दोन ठिकाणी बघून आले. एकीकडे कटर निळ्या दिव्याच्या डब्यात होते, "मॅडम, सगळं स्टरलाइज्ड आहे" म्हणाल्या. पण जिथे प्रकाश पडत नाही तिथे त्या दिव्याचा काय उपयोग? खरंच निर्जंतुक करायचं तर ऑटोक्लेव्ह नावाच्या यंत्रात दाबाखालच्या वाफेत, १२१ अंश सेल्सिअसवर निदान १५ मिनिटं हत्यारं ठेवावी लागतात. दुसरीकडे टब नुसता विसळून पुढच्या बाईंसाठी भरला.

कोथरूड, कर्वेनगर, एरंडवण्यात सीलबंद पाकीट समोर फोडणारं, टबला दरवेळी नवीन प्लास्टिक लावणारं, क्यूटिकल (नखाच्या मुळाशी असलेली कातडी) न कापणारं पार्लर कुणाच्या खात्रीचं आहे का? आपले कटर-फाइल घेऊन गेलं तर चालतं का? की आईसाठी पार्लर नकोच, पायांच्या डॉक्टरांकडेच नखं कापून घ्यावीत? कुणी घरच्या मधुमेही माणसाला नेलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.