लखपत बंदर भूकंपात एका दिवसात संपलं का खरंच?

दांडियाबाजारकर: दिवाळीत बडोद्याहून आईबाबांना घेऊन नारायण सरोवर, कोटेश्वर करतोय, जाताजाता कच्छमधलं जुनं बंदर लखपत पण बघू म्हणतोय. आमच्या बिल्डिंगमधले काका ठासून सांगतात की १८१९ च्या भूकंपात सिंधूने तोंड फिरवलं आणि एका दिवसात बंदर खलास. सात किलोमीटरची तटबंदी असलेलं गाव असं एका दिवसात संपतं होय? कोणी नीट सांगेल का

रावपुरावाला: भूकंप खराच, १६ जून १८१९, पार अहमदाबादच्या जामा मशिदीचे मिनार पडले त्यात. लखपतच्या वरच्या अंगाला रणात जमीन उचलली गेली, मैलोन्‌मैल बांधच तयार झाला, तोच अल्लाह बंड. त्याच्या अलीकडे सिंदरीचा किल्ला खाली बसला, समुद्राचं पाणी आत घुसलं, लोक बुरुजावर चढून बसले तेव्हा वाचले.

खडूस_मास्तर: सगळं भूकंपावर ढकलू नका राव. सिंधूच्या त्या फाट्याचं पाणी त्याआधीच तुटत आलेलं, कच्छ आणि सिंधच्या झारा इथल्या १७६२ च्या लढाईनंतर सिंधचा राज्यकर्ता गुलामशाह कल्होडाने वरती बांध घातला आणि इकडची भातशेती बसली. आणि गंमत ऐका, भूकंपाआधी ओहोटीला लखपतपाशी खाडीत जेमतेम फूटभर पाणी असायचं, माणूस चालत पलीकडे जायचा, आणि नंतर तिथेच अठरा फूट! म्हणजे होड्यांना उलट बरंच झालं की. गेलं ते गोडं पाणी. १८२६ ला सिंधूला मोठा पूर आला, अल्लाह बंडचा बांध फोडून पाणी परत आलं पण टिकलं नाही, मग गाव हळूहळू रिकामं होत गेलं. एका दिवसात वगैरे काही नाही, काकांना सांगा.

दांडियाबाजारकर: बाप रे, अठरा फुटांचं माहीतच नव्हतं. मग हा अल्लाह बंड तटावरून दिसतो का?

रावपुरावाला: नाही हो, तो लांब आत रणात, बॉर्डरकडे. तटावरून नुसती खाडी आणि चिखल. तट फतेह मुहम्मद जमादाराने १८०१ मध्ये बांधलेला. आत गुरुद्वारा नक्की करा, गुरू नानक इथे थांबले होते म्हणतात, २००१ च्या भूकंपात पडझड झालेली, मग इतकं छान सावरलं की २००४ चं युनेस्कोचं अवॉर्ड मिळालं. घौस मुहम्मदचा कुबो (म्हणजे कबरीवरची वास्तू) पण बघा, कोरीव काम भारी आहे. खायचं मात्र बरोबर घ्या, थेपले बिपले, आणि ओळखपत्र विसरू नका, बीएसएफवाले असतात तिकडे.