अण्णांचा वाडा (फक्त घरचे)

रविवार

मंगला काकू, दु. ४.०५: शिरीष फोन उचल. नीताचाही लागत नाहीये. तिकडे कोणी जागं आहे का? माझ्या चिन्मयच्या रूममेटचा फोन आला होता, धड बोलेना. पोलीस म्हणाला.

नाना, ४.०७: पैसे पाठवू नका वहिनी!! फ्रॉड आहे. तुमचा मुलगा अटकेत आहे म्हणून फोन येतात. मी परवाच त्याचा मेसेज टाकला होता, पण माझे मेसेज वाचतं कोण.

सोनल, ४.०९: नानामामा, त्या रूममेटला मी ओळखते. मार्चमध्ये त्याच्याबरोबर आंबावड्या पाठवल्या होत्या.

विद्या आत्या, ४.१०: वड्या मी केल्या होत्या.

मोठे काका, ४.१४: सर्वांनी शांत राहावे. मी ३४ वर्षे तहसील कचेरीत काढली आहेत. प्रथम एफआयआर नंबर घ्यावा. ठाणे अंमलदाराचे नाव घ्यावे.

शिरीष (ह्यूस्टन), ४.३१: काकू, फोन सायलेंटवर होता, इथे पहाटेचे सहा वाजलेत. चिन्मयशी बोललो. तो ठीक आहे. अपघात नाही, कुणाला लागलेलं नाही. रात्री दीडला गाडी अडवली, दारू पिऊन चालवल्याचा आरोप आहे. हॅरिस काउंटीच्या (काउंटी म्हणजे इथला जिल्हा) जेलमध्ये आहे. मी निघतोय. कृपा करून ग्रुपवर जास्त काही लिहू नका.

विद्या आत्या, ४.३३: चिन्मय पितो??

मंगला काकू, ४.३५: हा मेसेज हटवला आहे.

विद्या आत्या, ४.३६: हटवायच्या आधी वाचला मी. माझ्या श्रीरंगला यात ओढायचं कारण नाही. त्याने सोडून सहा वर्षं झाली.

नीता वहिनी, ४.४०: आत्या, काकू, आत्ता नको ना हे. शिरीष गाडीत बसलाय. यंत्रात फुंकर मारली तेव्हा ०.११ आलं म्हणे, तिथली मर्यादा ०.०८ आहे.

शिरीष (ह्यूस्टन), ४.४१: नीता!! डिलीट कर ते.

सोनल, ४.४३: उशीर झाला दादा, नानामामांचा अंगठा आलाय त्यावर.

बाळूमामा (ॲड.), ४.५०: ताई, अजिबात घाबरू नकोस. २४ तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करावंच लागतं. ते पीसीआर म्हणजे पोलीस कोठडी मागतील, आपण विरोध करायचा. एमसीआर म्हणजे न्यायालयीन कोठडी झाली की त्याच दिवशी जामीन अर्ज. कराडला मी अशी पन्नास प्रकरणं केलीत. आणि ०.०८ म्हणजे १०० मिली रक्तात ८० मिलिग्रॅम. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ ला ३० ची मर्यादा आहे.

विद्या आत्या, ४.५२: म्हणजे आपल्यापेक्षा अडीच पटीहून जास्त मोकळीक दिलीये, तरी पुरली नाही.

मंगला काकू, ४.५२: धन्यवाद वन्सं.

नाना, ४.५५: इंडियन एम्बसीला ताबडतोब कळवा.

मोठे काका, ५.०२: जामीनदार म्हणून मी उभा राहतो. वाईचा सातबारा माझ्या नावे आहे. ऐपतीचा दाखला उद्याच काढतो. तलाठी ओळखीचा आहे.

विद्या आत्या, ५.०३: वाईचा सातबारा तुमच्या एकट्याच्या नावे आहे का दादा?

मोठे काका, ५.०४: विद्या, हा विषय इथे नको.

विद्या आत्या, ५.०४: सातबारा तुम्हीच काढलात.

सोनल, ५.०६: टेक्सासच्या मॅजिस्ट्रेटला सातबारा दाखवला तर तो आठ-अ पण मागेल.

शिरीष (ह्यूस्टन), ६.२०: बाबा, सातबारा, रेशनकार्ड काही नको. बाळूमामा, इथे पीसीआर-एमसीआर असा प्रकार नसतो. टेक्सासमध्ये ४८ तासांत मॅजिस्ट्रेट. तो जेलच्या प्रक्रिया केंद्रातच असतो, रात्रंदिवस पाळ्या चालतात, रविवारची सुट्टी नाही. सगळं पाच-दहा मिनिटांत उरकतं. आरोप वाचून दाखवतात, अटकेला पुरेसं कारण दिसतं का ते बघतात, वकील परवडत नसेल तर सरकारी हवा का विचारतात, आणि जामिनाचं ठरवतात. गुन्हा केला की नाही हा प्रश्नच तिथे नसतो. त्यामुळे तिथे "सर, दोनच बिअर" असं काही बोलायचं नाही. चिन्मयला हेच बजावलंय.

मंगला काकू, ६.२२: मला त्याच्याशी बोलायचंय. नक्की किती घेतली होती ते विचारायचंय.

शिरीष (ह्यूस्टन), ६.२३: काकू, जेलच्या फोनवर हे अजिबात विचारू नका. तिथले कॉल रेकॉर्ड होतात आणि सरकारी वकिलाला मिळू शकतात. जेवलास का एवढंच विचारा.

नाना, ६.२५: एम्बसी??

शिरीष (ह्यूस्टन), ६.४०: नाना, एम्बसी वॉशिंग्टनला. ह्यूस्टनमध्ये आपलं कॉन्सुलेट आहे. १९६३ च्या व्हिएन्ना करारानुसार चिन्मयने मागितलं तर पोलिसांनी त्यांना कळवायचं असतं. पण कॉन्सुलेट काही जामीन देत नाही आणि केसही लढत नाही.

नाना, ६.४१: तरी कळवून ठेवावं. आपलं माणूस आहे.

शिरीष (ह्यूस्टन), ६.५८: पैशांबद्दल सगळे वेगवेगळे फोन करताय म्हणून इथेच लिहितो. इथे आपल्या वतीने जामीन भरणारे बॉन्डवाले एजंट असतात, साधारण दहा टक्के घेतात, ते परत मिळत नाहीत. पण त्याची गरज पडणार नाही असं वाटतंय. याच काउंटीत २०१६ साली ओडॉनेल नावाच्या बाईने दावा लावला होता. लायसन्सच्या किरकोळ केसमध्ये तिच्याकडे अडीच हजार डॉलर नव्हते म्हणून ती आत अडकली होती. त्याचा समझोता २०१९ ला झाला. तेव्हापासून बऱ्याच किरकोळ केसेसमध्ये पैसे न भरता स्वतःच्या हमीवर सोडतात. ही पहिलीच केस आहे, ब वर्गाची, म्हणजे किरकोळ गुन्ह्यांतली. आणि एक महत्त्वाचं: गाडीचं लायसन्स वाचवायला सुनावणीची मागणी १५ दिवसांत करायची असते. फौजदारी केसपेक्षा ते प्रकरण वेगळं. विसरू देऊ नका मला.

विद्या आत्या, ७.०५: सोमवारी गुरुजींना विचारून शनीचं काही करता येईल का बघते. मंगला, पत्रिका पाठव.

सोमवार

शिरीष (ह्यूस्टन), स. ६.१०: सुटला. आमच्याकडेच आहे, झोपलाय. नीताने वरणभात केला होता. पहिली तारीख पुढच्या आठवड्यात. गाडी टोइंगवाल्यांच्या आवारात आहे, ती दुपारी सोडवतो.

मोठे काका, ६.२५: श्री गजानन प्रसन्न. चि. शिरीषने कर्तव्य केले.

मंगला काकू, ६.३०: शिरीष, तुझे उपकार विसरणार नाही रे.

सोनल, ६.४१: शिरीषदादाच्या लग्नाला आपल्यातलं कोणीच गेलं नव्हतं, याची आज उगाच आठवण झाली.

मोठे काका, ६.४४: सोनल. कामावर जा.

नाना, ९.१५: ऑनलाइन सगळं दिसतंय! नाव, केस नंबर, कलम, कोर्ट नंबर. स्क्रीनशॉट टाकलाय. १८० दिवस जेल आणि २,००० डॉलर दंड लिहिलंय गूगलवर!!

शिरीष (ह्यूस्टन), ९.२०: नाना, ती कमाल शिक्षा आहे. झोपू द्या.

मंगला काकू, ९.२१: स्क्रीनशॉट काढा आधी तो.

नाना, ९.२३: सरकारी रेकॉर्ड आहे, सगळ्या जगाला दिसतं. मी काढून काय होणार. एक सांगायचं राहिलं, चुकून तो हास्यक्लबच्या ग्रुपवर पण गेला.

सोनल, ९.२४: ज्या हास्यक्लबमध्ये चिन्मयला ठरलेल्या मुलीचे काका आहेत, त्याच?

नाना, ९.२४: दोन मिनिटांत काढला. चौदाच लोकांनी बघितला होता.

नीता वहिनी, ९.३०: नाना!

मंगला काकू, ९.५५: साखरपुड्याचा डिसेंबरचा हॉल बुक आहे. अर्धे पैसे भरलेत. आता त्यांना काय सांगू? कुणी सांगेल का मला?

(पाऊण तास कुणीच काही लिहिलं नाही.)

बाळूमामा (ॲड.), १०.४०: ताई, यात सांगण्यासारखं काय आहे? पहिल्या तारखेला गुन्हा कबूल करायचा, दंड भरायचा, विषय संपला. आपल्याकडे १० हजार भरून लोक दुपारी घरी जेवायला येतात. तारखा घेत बसू नये.

शिरीष (ह्यूस्टन), सं. ५.१५: आत्ता उठलो. बाळूमामा, रागावू नका, पण हे त्याला फोनवर सांगू नका. तो H… टाइप करताना चुकलो, तो एच-वन-बी वर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर आहे. इथे खटला न चालवता 'प्रोबेशन, नंतर केस रद्द' असा मार्ग असतो. टेक्सासने २०१९ पासून दारूच्या पहिल्या केसलाही तो खुला केलाय, ०.१५ पेक्षा कमी असेल तर. राज्याच्या कायद्यात ती शिक्षा धरत नाहीत. पण त्यासाठी आधी कबुली द्यावी लागते, आणि कबुली अधिक प्रोबेशन म्हटलं की इमिग्रेशनवाले ती शिक्षाच धरतात. ह्या एका केसने लगेच देशाबाहेर काढतील असं नाही, पण ग्रीनकार्डच्या फॉर्ममध्ये जन्मभर लिहावं लागेल. सुप्रीम कोर्टाने २०१० च्या पॅडिला केसमध्ये सांगितलंय की कबुलीचे इमिग्रेशनवर काय परिणाम होतील हे फौजदारी वकिलाने अशिलाला सांगितलंच पाहिजे. त्यामुळे दोन्ही विषयांतला वकील बघतोय.

बाळूमामा (ॲड.), ५.२२: मी आपला अनुभव सांगितला. बाकी तुम्ही तिथले जाणकार.

मंगला काकू, ५.२३: मला जमिनीच्या केससाठी म्हणून बाळूला ग्रुपमध्ये घ्यायला लावलं होतं, हे सगळ्यांनी लक्षात ठेवा. तो मनापासून सांगतोय.

विद्या आत्या, ५.२५: जमिनीची केस अजून चालूच आहे ना? बारा वर्षं झाली.

शिरीष (ह्यूस्टन), ५.३१: काकू, डिसेंबरचं स्पष्ट सांगतो. कोर्ट परवानगी देईलही, प्रश्न तो नाही. अशा अटकेनंतर अमेरिकेचं परराष्ट्र खातं पासपोर्टवरचा व्हिसा रद्द करू शकतं. शिक्षा व्हायची वाटही बघत नाहीत. ईमेल येतो. इथे राहून नोकरी करायला त्याने सहसा अडचण येत नाही, पण एकदा बाहेर पडला की परतीसाठी नवा शिक्का लागतो, मेडिकल लागतं, किती दिवस लागतील सांगता येत नाही. वकिलाला विचारल्याशिवाय तिकीट काढू नका. आणि पुन्हा: १५ दिवस. त्यातला एक गेला.

मंगला काकू, ५.३३: म्हणजे साखरपुडा रद्द?

शिरीष (ह्यूस्टन), ५.३४: मी तसं म्हटलं नाही.

मंगला काकू, ५.३४: दुसरं काय म्हटलंस मग.

बुधवार

बाळूमामा (ॲड.), स. ११.००: गूगलवर काउंटी जजचं नाव सापडलं. आमच्या एका अशिलाचा जावई ह्यूस्टनला तेल कंपनीत मोठ्या पदावर आहे. कुणामार्फत शब्द टाकता आला तर बघावं का?

शिरीष (ह्यूस्टन), सं. ५.४०: मामा, आमच्या काउंटीत काउंटी जज हा केसेस चालवणारा न्यायाधीश नसतो. म्हणजे नावाला जज, काम आपल्या जिल्हा परिषद अध्यक्षासारखं, बजेट, रस्ते, वादळ आलं की टीव्हीवर. ब आणि अ वर्गाच्या फौजदारी केसेससाठी इथे वेगळी १६ काउंटी कोर्टं आहेत. मोठे गुन्हे डिस्ट्रिक्ट कोर्टात. आणि शब्द टाकायला गेलात तर चिन्मयच्या शेजारच्या खोलीत मला ठेवतील.

सोनल, ५.४२: मग खरे जज कोण नेमतं?

शिरीष (ह्यूस्टन), ५.४४: निवडून येतात. पक्षाच्या तिकिटावर. निवडणुकीत चौकाचौकात नावाच्या पाट्या लागतात. सरकारी वकिलांचा प्रमुखही निवडून येतो.

सोनल, ५.४५: "भावी न्यायाधीश" असा फ्लेक्स??? वाढदिवसाला केक कापतात का?

नाना, ५.४६: आपला जज कोणत्या पक्षाचा आहे?

मोठे काका, ५.५०: राजकारण नको. चि. शिरीष, पहिल्या तारखेस निकाल अपेक्षित आहे काय? मी नवस बोललो आहे, तारीख हवी.

शिरीष (ह्यूस्टन), ५.५८: बाबा, पहिल्या तारखेला बहुतेक पुढची तारीखच मिळते. याला इथे 'रीसेट' म्हणतात. सही करायची आणि घरी. वकील पोलिसांच्या अंगावरच्या कॅमेऱ्याचं चित्रण मागवेल, यंत्राची नोंद मागवेल, ते यायला वेळ लागतो. कित्येक महिने चालतं. अगदी खटला झालाच तर सहा जणांची ज्युरी, बारा नव्हे, बारा मोठ्या गुन्ह्यांना. मी स्वतः बसलो होतो अशा ज्युरीत, २०२२ मध्ये. सहाच्या सहा जणांचं एकमत लागतं. आमचं दुपारी तीनपर्यंत झालं नव्हतं आणि जेवायला सँडविच होतं.

विद्या आत्या, ६.०१: आणि त्या माणसाचं काय झालं?

शिरीष (ह्यूस्टन), ६.०२: सुटला.

मंगला काकू, ६.०२: बघा.

शिरीष (ह्यूस्टन), ६.०३: काकू, प्रत्येक केस वेगळी असते. चिन्मयने मात्र तारखेला हजर राहायलाच हवं, फॉर्मल कपड्यांत, वेळेच्या आधी. चुकली तर वॉरंट निघतं. तिथे पार्किंगचा त्रास आहे, मी सोडेन. आणि तिसऱ्यांदा लिहितो, लायसन्स. अटकेच्या वेळी हातात दिलेला कागद हीच नोटीस. १५ दिवसांत मागणी केली नाही तर ४० व्या दिवसापासून लायसन्स निलंबित, पहिल्या वेळी ९० दिवस. कोर्टात निर्दोष ठरायची वाट बघत बसलं तर हे हातचं जातं. इथे गाडीशिवाय ऑफिसला जाता येत नाही. चौथा दिवस.

नीता वहिनी, ६.१०: तो कागद त्याने पँटच्या खिशात ठेवला होता. पँट मी धुवायला टाकली होती.

शिरीष (ह्यूस्टन), ६.१०: नीता???

नीता वहिनी, ६.१२: मशीन लावायच्या आधी काढला. अरे श्वास घे.

शुक्रवार

मंगला काकू, स. ८.०५: मुलीच्या आईचा फोन आला होता. म्हणाल्या, हास्यक्लबमधून कळलं. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, त्यांचे मोठे दीर दोन वेळा पकडले गेलेत, पुण्यातच. साखरपुडा मे मध्ये इकडे जमतो का बघू म्हणाल्या, नाहीतर तिकडेच नोंदणी. हॉलवाला पैसे परत देत नाही म्हणतो, तारीख बदलून देईन म्हणतो.

विद्या आत्या, ८.०९: मे मध्ये आमरस ठेवता येईल. वड्या पण मी करते.

मोठे काका, ८.१५: हॉलवाल्यास लेखी पत्र द्यावे. पोच घ्यावी.

शिरीष (ह्यूस्टन), ८.३०: वकील ठरला. लायसन्सच्या सुनावणीची मागणी आज दुपारी त्याने पाठवली, पोच आली. मुदतीत झालं.

मंगला काकू, ८.३१: देव पावला.

नाना, ८.४७: लायसन्सची मुदत म्हणजे काय? कुणी मला सांगितलंच नाही. आणि एम्बसीचं काय झालं?