डी750 विकून मिररलेस घेऊ का? लवकर सांगा

सातारी_कंदी
नमस्कार मंडळी. साताऱ्यात लग्नाची कामं करतो. निकॉन डी750 आहे, आतल्या आरशावाली जुनी डीएसएलआर, ती काढून बिनआरशाची (मिररलेस) झेड6 टू घ्यावी का सरळ झेड6 थ्री? जुन्या बॉडीला (लेन्स सोडून नुसत्या कॅमेऱ्याला) गिऱ्हाईक मिळालंय पण ते परवापर्यंतच थांबणारे, त्यामुळं फाटे फोडू नका, फक्त सांगा.

फोकसपुलर
लेन्स कुठल्या? बजेट किती? आणि आत्ता अडतंय कुठं?

सातारी_कंदी
लेन्स आहेत सगळ्या, निकॉनच्याच. अडतंय म्हणजे अंतरपाट निघाला, अक्षता पडायला लागल्या की फोकस नवरीचा सुटून मागं उभ्या मामावर जातो. मामा कडक शार्प, नवरी गेली. आणि आजकाल पार्टी आधी विचारते मिररलेस आहे का, फोटो नंतर बघते.

मिरजेचा_तंबोरा
निकॉन सोडा. सोनी ए7 थ्री घ्या, २०१८ चा कॅमेरा आहे पण अजून डोळा धरला की सोडत नाही. मी सगळी लग्नं त्याच्यावरच मारतो.

फोकसपुलर
म्हणजे त्यांनी लेन्सपण सगळ्या विकायच्या का? सल्ला द्यायला काय जातंय तुमचं. डी750 चे ५१ फोकस पॉइंट सगळे मधे गोळा झालेत, नवरी फ्रेमच्या कडेला असली की मधे फोकस लॉक करून फ्रेम हलवावी लागते, तेवढ्यात माणूस हललेला असतो. झेड6 टू ला २७३ पॉइंट जवळजवळ पूर्ण फ्रेमभर आहेत, डोळ्यावर फोकसपण आहे. तुमची अडचण तिथंच सुटते.

वाईकर_बापू
कॅमेऱ्यात पैसे घालण्यापेक्षा ड्रोन घे भावा. वरातीचा वरून एक शॉट टाकला की पार्टी खूश.

सातारी_कंदी
बापू, ड्रोनचं कोणी विचारलंय का?

हळदीचा_गड्डा
कासला फुलं सुरू झाली का हो? प्री-वेडिंगची पार्टी मागं लागलीय.

फोकसपुलर
सप्टेंबरमधे जा, आणि वेगळा धागा काढा की राव. कंदी, लेन्सची नावं टाका, दुसऱ्यांदा विचारतोय.

सातारी_कंदी
24-70 जी, 85 ची 1.8 जी, आणि 80-200 टू पॉइंट एट डी वाली. जुन्या लेन्स नव्या बॉडीवर बसवायचा अडॅप्टर घेणारच आहे, मग काय प्रश्न?

फोकसपुलर
हाच प्रश्न! एएफ-एस लिहिलेली सोडली तर डी वाल्या लेन्समधे मोटर नसते, तुमच्या बॉडीतली मोटर तिला स्क्रूनं फिरवते. एफटीझेड अडॅप्टरमधे ती मोटरच नाही. तुमच्या 80-200 वर एएफ-एस लिहिलेलं नसेल तर ऑटोफोकस मेला, हातानं फिरवत बसायचं, मुहूर्ताला. जी वाल्या दोन्ही व्यवस्थित चालतील. अजून एक, तुमची दोन एसडी कार्डं होती, झेड6 टू मधे एक एसडी आणि दुसरा स्लॉट एक्सक्यूडी नायतर सीएफएक्सप्रेसचा. बॅकअप पाहिजे तर ते महागडं कार्डपण धरा. जुन्या बॅटऱ्या बसतात पण लवकर उतरतात. झेड6 थ्री २०२४ ला आली तेव्हा नुसती बॉडीच अडीच लाखाच्या घरात होती, माझ्या मते टू घ्या आणि उरलेले लेन्सला ठेवा.

मिरजेचा_तंबोरा
मी तेच म्हणत होतो, लेन्स बदलायच्याच असतील तर सोनी.

फोकसपुलर
एक बदलायचीय, सगळ्या नाही. कंदी, आधी बॉडी भाड्यानं आणून एक लग्न मारा. आणि सायलेंट शटर (आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक शटर) लावून स्टेजच्या एलईडीखाली शूट करू नका, फोटोत आडवे पट्टे येतात.

सातारी_कंदी
भाड्यानं आणेपर्यंत गिऱ्हाईक जाईल हो. बरं ते राहू दे, 80-200 कोण घेतंय का?

मिरजेचा_तंबोरा
माझा भाऊ निकॉनवाला आहे, सांगलीत. आत बुरशी नाही ना? मागनं टॉर्च मारून फोटो टाका.