विषय: शनिवारचा कट्टा – बाजूने बोलायला माणूस हवा (तातडीचं)

प्रेषक: कट्टा संयोजक
सोमवार, १३ फेब्रुवारी २०२३

मंडळी,

'बाजूने' बोलणारे आपले नेहमीचे वक्ते काल रात्री मागे हटले. कारण विचारू नका, संक्रांतीच्या कार्यक्रमानंतर पार्किंगमध्ये काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. विषय तोच राहील: 'वाजपेयींनी मुशर्रफवर विश्वास टाकला, ते बरोबरच केलं.' विरोधात बोलायला पाच जण हात वर करून बसलेत. बाजूने एकही नाही. पत्रक बुधवारी रात्री छापायला जातं, त्याआधी नाव कळवा. बारा मिनिटं मिळतील. त्या पाचांपैकी कुणी पलीकडे उडी मारली तरी चालेल.

*

प्रेषक: नाना
सोमवार, १३ फेब्रुवारी

संयोजक,

हा विषय कार्यकारिणीपुढे कधी आला? मी बैठक चुकवत नाही, मला तरी आठवत नाही. कट्टा समितीला आपले विषय ठरवायची मुभा आहे हे मान्य, पण पत्रकावर नाव मंडळाचं जातं.

पाकिस्तानचा माजी लष्करशहा मुशर्रफ ५ तारखेला दुबईत वारला. एकेकाळचा हा कट्टर शत्रू २००२ ते २००७ या काळात शांततेसाठी खरोखर झटला, अशा अर्थाचं ट्विट थरूरांनी केलं आणि तिकडे भाजपवाले तुटून पडले. पाकिस्तानच्या सिनेटमध्येसुद्धा त्याच्यासाठी फातिहा म्हणायची की नाही यावरून वाद झाला. आणि आपण शिवजयंतीच्या आदल्या संध्याकाळी त्याच्या नावाने टाळ्या पिटायच्या?

विश्वासाचं म्हणाल तर फेब्रुवारी १९९९ मध्ये वाजपेयी बसने लाहोरला गेले, जाहीरनाम्यावर सह्या झाल्या. त्याच थंडीत, तेव्हा सेनाप्रमुख असलेल्या याची माणसं कारगिलच्या डोंगरांत चढत होती. मे महिन्यात हा बीजिंगहून रावळपिंडीतल्या आपल्या हाताखालच्या जनरल अझीझशी फोनवर काय बोलला, ते आपल्या सरकारनेच जगाला ऐकवलं. तोवर डोंगरावर आमचे सैनिक नाहीत, मुजाहिदीन आहेत म्हणत पाकिस्तानचे कानावर हात. आपले ५२७ जवान गेले. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. इथे अडीच वर्षांत पुन्हा दुधाचाच पेला, तोही आग्र्यात, ताजमहालाच्या साक्षीने.

विषय बदलावा ही माझी लेखी सूचना समजावी.

*

प्रेषक: काकू (फराळ)
सोमवार, १३ फेब्रुवारी

शनिवारी महाशिवरात्र आहे हे कट्टा समितीला कुणी सांगितलं का? पत्रकात 'चहा-सामोसा' लिहिलंय. अर्ध्या घरांत उपास असतो. खिचडी करायची तर साबुदाणा शुक्रवारी रात्री भिजायला पडला पाहिजे आणि त्याआधी न्यू जर्सीतल्या एडिसनहून आणायला पाहिजे. आकडा उद्यापर्यंत द्या. नाना, तुमचं रताळं वेगळं काढते, पण मग मिरची कमी पडली म्हणून मागून कुरकुर नको.

*

प्रेषक: बंड्या
मंगळवार, १४ फेब्रुवारी

> पुन्हा दुधाचाच पेला

नाना, आग्र्यात कुणी काही प्यालंच नाही हो. १४ ते १६ जुलै २००१, वाजपेयी-मुशर्रफ बैठकीत नुसता खल. आपल्या मंत्री सुषमा स्वराजांनी पत्रकारांना चर्चेचे विषय सांगितले त्यात काश्मीर नाही म्हणून पाकिस्तानवाले चिडले. मुशर्रफने संपादकांबरोबरच्या नाश्त्याच्या गप्पा टीव्हीवर जाऊ दिल्या म्हणून आपण चिडलो. संयुक्त निवेदन झालंच नाही, अजमेरच्या दर्ग्याची जियारत राहिली आणि मध्यरात्री गडी निघून गेला. एवढाच विश्वास होता तर सही नसती झाली?

खरा व्यवहार पुढे झाला. नोव्हेंबर २००३ मध्ये नियंत्रण रेषेवर शस्त्रसंधी. मग ६ जानेवारी २००४ ला इस्लामाबादेत संयुक्त निवेदन. पाकिस्तानच्या ताब्यातला कुठलाही भूभाग दहशतवादासाठी वापरू देणार नाही, हे त्यात मुशर्रफचं आश्वासन म्हणून लिहून घेतलंय. आदल्याच महिन्यात रावळपिंडीत त्याला उडवायचे दोन प्रयत्न झाले होते. जिहादी त्याच्याच जिवावर उठले होते. वाजपेयींनी त्याच्या चांगुलपणावर नाही, त्याच्या गरजेवर डाव लावला. मला तरी हे शहाणपणाचं वाटतं.

मी बोलणार नाही मात्र. शनिवारी मुलीचं स्विमिंग आहे.

*

प्रेषक: मेजरकाका
मंगळवार, १४ फेब्रुवारी

बंड्या,

शस्त्रसंधीचं तू म्हणतोस ते खरं आहे, आणि ते इथे बसून कळत नाही. त्याआधी उरी, पूंछकडच्या गावांवर तोफा धडधडायच्या. नांगर धरायचा तर आधी पलीकडचा मूड बघायचा. शस्त्रसंधी झाली आणि आपण रेषेलगतचं कुंपण २००४ मध्ये पुरं केलं. गोळे पडत असताना खांब रोवता येत नाहीत. वर्तमानपत्रांत या कुंपणाबद्दल फार कुणी लिहिलं नाही, पण फायदा मोजायचा तर तिथून मोजा.

तरी मी त्याच्या बाजूने उभा राहणार नाही. कारगिलमध्ये त्यांची जी पोरं मेली ती नॉर्दर्न लाइट इन्फंट्रीची होती. त्यांच्या खिशांत पत्रं होती, पगाराची पुस्तकं होती. पाकिस्तान म्हणालं, आमची नाहीत. बहुतेकांचे मृतदेह घेतलेच नाहीत. आपल्या जवानांनी त्यांना त्यांच्या पद्धतीने दफन केलं. जो आपल्याच शिपायाला ओळख देत नाही, त्याच्या शब्दाचं मला काही सांगू नका.

*

प्रेषक: खजिनदार
मंगळवार, १४ फेब्रुवारी

दोन गोष्टी.

पत्रकाच्या नमुन्यात मुशर्रफचा रंगीत फोटो आहे, लष्करी गणवेशात. ते पत्रक लायब्ररीच्या दारावर लागणार. रविवारी सकाळी त्याच दारातून पोरं मावळ्यांच्या वेशात आत येणार. फोटो काढा. रंगीत छपाईला तशीही मंजुरी नाही.

आणि नऊला हॉल रिकामा करून द्यायचाय. खुर्च्या कोण लावतं आणि कोण फक्त भाषण करून घरी जातं, हे मी लक्षात ठेवतो.

*

प्रेषक: कट्टा संयोजक
मंगळवार, १४ फेब्रुवारी

पत्रकाची मांडणी कट्टा समितीकडे असते. गणपतीच्या स्मरणिकेत शेवटच्या पानावर साडीच्या दुकानाची जाहिरात उलटी छापली गेली, तेव्हा आम्ही कार्यकारिणीला काही बोललो होतो का? फोटो काढू. पण 'काढा' म्हणून नाही, काळ्या-पांढऱ्यात तो नीट दिसत नाही म्हणून.

माणूस अजून मिळालेला नाही. त्याबद्दल कुणी लिहील का?

*

प्रेषक: बोरिवलीकर
मंगळवार, १४ फेब्रुवारी

११ जुलै २००६. माटुंगा रोडपासून मीरा रोडपर्यंत सात लोकलच्या फर्स्ट क्लासमध्ये बॉम्ब. माझा भाऊ मागच्या गाडीत होता. रुळांवरून चालत अंधेरीला आला आणि तिथून कुणाच्या तरी टेम्पोत बसून घरी. आम्ही इथे रात्रभर फोन लावतोय, लागत नाही.

दोन महिन्यांनी हवानात मनमोहनसिंग आणि मुशर्रफ जाहीर करतात की दहशतवादाविरुद्ध आता संयुक्त यंत्रणा. ज्यांच्यावर संशय त्यांच्याच बरोबर समिती! स्फोट मुशर्रफने करवले असं मी म्हणत नाही, तो तपासाचा भाग आहे. पण मग विषयात वाजपेयी एकटेच का? मनमोहनसिंगांना कुणाच्या सांगण्यावरून वगळलं?

*

प्रेषक: नाना
मंगळवार, १४ फेब्रुवारी

> मनमोहनसिंगांना कुणाच्या सांगण्यावरून वगळलं?

मंडळाच्या घटनेत पक्षीय राजकारणाला बंदी आहे. घटना कुणी वाचत नाही, म्हणून लिहिलं.

*

प्रेषक: बंड्या
मंगळवार, १४ फेब्रुवारी

मुशर्रफने २००६ मध्ये लाहोरच्या मॅचनंतर माइकवरून धोनीला सांगितलं होतं, माझं ऐकशील तर केस कापू नकोस. धोनीने पुढे कापले. निदान त्याने तरी विश्वास ठेवला नाही.

*

प्रेषक: ताई
बुधवार, १५ फेब्रुवारी

संयोजक, मी बोलते. माझं नाव घाला.

मेजरकाकांनी जे लिहिलं त्यापुढे मान खाली जाते, आणि तरीही बोलते. काका, तुमच्याच पत्रातले पहिले चार-पाच मुद्दे मी घेणार आहे, चालेल ना?

१९९९ मध्ये आपण हात मिळवला तो नवाझ शरीफांशी. वाघा सीमेवर स्वागताला त्यांचे सेनाप्रमुख आले नव्हते, आणि त्याचा अर्थ काय तो मे महिन्यात कळला. पाकिस्तानात लढाई थांबवायची की नाही हे ज्याच्या हातात असतं, त्याच्याशी बोलल्याशिवाय ती थांबत नाही. २००४ मध्ये तो माणूस मुशर्रफ होते. लष्कर त्यांचं, सही त्यांची. ते आवडले म्हणून कुणी त्यांच्याशी बोललं नाही. संसदेवरच्या हल्ल्यानंतर वाजपेयींनी दहा महिने फौज सीमेवर उभी ठेवली होती. ती मागे घेतल्यावरच बोलणी झाली. ह्याला भोळेपणा म्हणणारे नाना एकटेच.

माझी बाजू कुठे लंगडी आहे तेही मला ठाऊक आहे. पुढे मनमोहनसिंगांचे दूत लांबा आणि मुशर्रफ यांचे दूत तारिक अझीझ यांनी पडद्याआड बरंच काम केलं. सीमा बदलायच्या नाहीत, पण रेषेपलीकडे जाणं-येणं सोपं करायचं, दोन्हीकडची फौज टप्प्याटप्प्याने कमी करायची, असं काही तरी आकाराला येत होतं. ते सगळं मुशर्रफ यांच्या खुर्चीला बांधलेलं होतं. मार्च २००७ मध्ये त्यांनी सरन्यायाधीशांना निलंबित केलं, काळ्या कोटातले वकील रस्त्यावर उतरले आणि ती फाइल तिथेच अडकली. १८ ऑगस्ट २००८ ला राजीनामा. तीन महिन्यांनी २६/११. विरोधातले पाचही जण हेच माझ्या तोंडावर फेकणार. फेकू देत. शस्त्रसंधी मात्र, कितीही वेळा मोडली तरी, फेब्रुवारी २०२१ मध्ये दोन्ही सैन्यांनी पुन्हा पाळायचं ठरवलं, तेव्हा मुशर्रफ दुबईत आजारी पडून होते. माझं उत्तर तिथून सुरू होतं. बाकी शनिवारी.

अटी: बारा नाही, पंधरा मिनिटं. मी एकटी आणि ते पाच आहेत. शेवटी उत्तर द्यायची संधी मला. आणि कुणीही अफजलखान आणायचा नाही, दर वर्षी येतो.

*

प्रेषक: नाना
बुधवार, १५ फेब्रुवारी

> कुणीही अफजलखान आणायचा नाही

का नाही? दुसऱ्या दिवशी जयंती आहे. महाराज प्रतापगडाखाली भेटीला गेले ते अंगरख्याखाली चिलखत घालून, जिरेटोपाखाली शिरस्त्राण घालून, आणि रानात माणसं पेरून. विश्वास कुठे होता?

*

प्रेषक: ताई
बुधवार, १५ फेब्रुवारी

नाना, पण भेटीला गेले ना? हे तर माझ्या बाजूचं झालं. वापरते. आभार.

*

प्रेषक: नाना
बुधवार, १५ फेब्रुवारी

तो मुद्दा माझा आहे. मी आधी मांडला, यादीवर तारीख-वेळ आहे. विरोधी बाजूचा पहिला वक्ता म्हणून मीच तो मांडेन. संयोजकांनी नोंद घ्यावी. विषय बदलण्याची सूचना मागे घेतो, कारण आता वेळ नाही.

*

प्रेषक: कट्टा संयोजक
बुधवार, १५ फेब्रुवारी

ताईंचं नाव पत्रकात गेलं. पंधरा मिनिटं मंजूर. विरोधातल्या पाचांना सहा-सहा. आधी कोण बोलणार याच्या चिठ्ठ्या दारात टाकू, मुद्दा ज्याच्या तोंडी आधी येईल त्याचा. मेजरकाका, वेळ तुम्ही मोजाल का? तुमच्या शिट्टीला सगळे थांबतात.

*

प्रेषक: मेजरकाका
बुधवार, १५ फेब्रुवारी

मोजतो. ताई, मुद्दे घ्या. मृतदेहांचाही घ्या, अर्धंच नको.

*

प्रेषक: काकू (फराळ)
बुधवार, १५ फेब्रुवारी

आकडा कुणीच दिला नाही, तेव्हा मी चाळीस धरते. खिचडी दोन पातेल्यांत, एकात दाण्याचं कूट नाही. बंड्या, स्विमिंगवरून येताना दही घेऊन ये, मोठे डबे, साधं.