ट्रॅव्हिस स्कॉट महालक्ष्मीला गाऊन गेला, आणि आपण बदाम टाकत बसलो

मेघना_डोंबिवली
"कलाकाराने गावं, गर्दी आयोजकाने सांभाळावी. चार वर्षांपूर्वीची मढी उकरणाऱ्यांनी घरी बसावं." नोव्हेंबर २०२५मध्ये मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सवर झालेल्या अमेरिकन रॅपर ट्रॅव्हिस स्कॉटच्या कार्यक्रमाबद्दल कुणीतरी हे लिहिलं आणि खाली बदामांचा पाऊस पडला. दोन दिवस गप्प होते, आता राहवत नाही.

ती मढी कुणाची ते सांगते. ५ नोव्हेंबर २०२१, अमेरिकेतलं ह्यूस्टन, ट्रॅव्हिसचाच अ‍ॅस्ट्रोवर्ल्ड महोत्सव. सुमारे ५० हजार लोक. दहा जण गेले. सगळ्यात लहान नऊ वर्षांचा, बापाच्या खांद्यावर बसलेला. बाप गर्दीत बेशुद्ध पडला आणि पोर खाली गेलं. ही माणसं श्वास कोंडून मेली, छाती फुगायला जागाच उरली नव्हती. ९ वाजून ३८ मिनिटांनी यंत्रणेने मोठी दुर्घटना जाहीर केली. त्याचं गाणं दहा वाजून गेले तरी चालू होतं.

आणि ट्रॅव्हिस यात काही नवखा नव्हता. २०१५ला शिकागोत आणि २०१७ला आर्कान्सात लोकांना कठडे ओलांडून पुढे या म्हणून चिथावलं, दोन्हीकडे खटले झाले, दोन्हीकडे गुन्हा कबूल केला. ह्यूस्टननंतर २०२३च्या जूनमध्ये ग्रँड ज्युरीने, म्हणजे खटला भरायचा की नाही ते ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाने, त्याच्यावर आरोप ठेवले नाहीत, पुढच्याच महिन्यात त्याचा 'युटोपिया' अल्बम आला आणि थेट पहिल्या क्रमांकावर. करिअर टिकतं का हा प्रश्नच उरला नाही. टिकायला हवं होतं का, एवढंच विचारतेय. माझं उत्तर नाही असं आहे.

तन्मय_२२
मी होतो महालक्ष्मीला. वर्षभराचे पैसे साठवून गेलो होतो. ज्युरीने पुरावे बघितले, तुम्ही व्हिडिओ बघितलेत. १९७९ला सिनसिनाटीत 'द हू' या ब्रिटिश रॉक बँडच्या कार्यक्रमाला ११ जण गेले, त्यांनीही गिटार मोडून टाकायची होती का?

मेघना_डोंबिवली
तिथे माणसं हॉलच्या दाराशी गेली, जागा राखीव नव्हत्या म्हणून आधी घुसायची झुंबड. बँडला कार्यक्रम संपल्यावर कळलं. तुलनाच करायची तर 'पर्ल जॅम' या अमेरिकन बँडशी कर. २००० साली डेन्मार्कमध्ये रॉस्किल्डच्या महोत्सवात त्यांच्यासमोर नऊ जण गेले. गायकाने गाणं थांबवून लोकांना मागे सरकायला सांगितलं होतं, पुढचे युरोपातले कार्यक्रम रद्द केले, बँड मोडायच्या बेतात होता. तेही परत गायलेच, पण मला त्यांचा राग येत नाही.

वाईकर
एवढ्या लांब कशाला जाता? २५ जानेवारी २००५, मांढरदेवी. तीनशेच्या आसपास माणसं गेली. नारळाच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्या, अरुंद वाट, वर आग. तिथे कुणाचं करिअर संपलं? आयोग बसला, अहवाल आला, यात्रा पुढच्या वर्षी भरली. अमेरिकेतल्या दहांसाठी रडणाऱ्यांना आपले तीनशे आठवत नाहीत.

मेघना_डोंबिवली
आठवतात. माझ्या मावशीचं सासर त्याच भागातलं. पण काळूबाईने माइकवरून "पुढे या" म्हटलं नव्हतं.

वाईकर
देवीला मध्ये आणू नका. तोंड सांभाळून बोला.

प्राजक्ता_मोहोळ
दादा, तुम्हीच आणलीत. आणि गर्दीचं बोलताच आहात तर ऐका. मी सहा वर्षं एका मोठ्या देवस्थानात दर्शनबारीला स्वयंसेवक होते. एका एकादशीला मागून रेटा आला आणि माझे पाय जमिनीवरून सुटले. आठ-दहा पावलं मी चालले नाही, वाहत गेले. ओरडायला हवा नव्हती. बारीचा लोखंडी पाइप कमरेत. घरी येऊन बघितलं तर मंगळसूत्राच्या वाट्यांचा ठसा छातीवर उमटलेला, दोन दिवस गेला नाही. मागच्यांना यातलं काहीच कळत नाही. त्यांना फक्त पुढे जागा आहे असं वाटतं. म्हणून बारी पुढून थांबवून चालत नाही, मागून तोडावी लागते, टप्प्याटप्प्याने सोडावी लागते. आम्ही हे शिट्टी आणि दोरावर करायचो. त्या दिवशी मधला दरवाजा कुणा पाहुण्यांसाठी उघडला होता.

वाईकर
हेच! व्हीआयपी दर्शन बंद करा, निम्म्या चेंगराचेंगऱ्या थांबतील.

सुहास_काका
बंद करून देवस्थानं चालवायची कशी? पासाच्या पैशांवर अन्नछत्र चालतं.

वाईकर
अन्नछत्राच्या नावाने काहीही खपवायचं. काका, तुम्ही कधी आठ तास बारीत उभे राहिलात का?

सुहास_काका
चौदा तास. तुमचा जन्म झाला नसेल तेव्हा. तेव्हा पास नव्हते, तरी माणसं चेंगरतच होती.

तन्मय_२२
रेसकोर्सवरून अन्नछत्रावर कसे पोचलो? मेघनाताई, माझा मुद्दा राहिलाच. स्टेजवरून काही दिसत नाही. डोळ्यांवर झोत, कानात मॉनिटर.

सांगली_कीबोर्ड
तन्मय बरोबर बोलतोय. सतरा वर्षं ऑर्केस्ट्रात वाजवतोय. समोर काळोख असतो, त्यात हलणारे हात. मेघनाताई, तुम्ही स्टेजवर चढलेला नाहीत म्हणून एवढं ठाम बोलू शकता.

मेघना_डोंबिवली
नाही चढले. पण दिसत नाही हे सतरा वर्षं माहीत असेल, तर ज्याला दिसतं असा एक माणूस शेजारी उभा का करत नाही? २००३ला ऱ्होड आयलंडमध्ये 'ग्रेट व्हाइट' बँडच्या कार्यक्रमात आतषबाजीच्या नळ्यांच्या ठिणग्यांनी भिंतीवरचा फोम पेटला, १०० माणसं गेली, बँडचा गिटारवादकही. बँडच्या बाजूने तुरुंगात गेला तो टूर मॅनेजर. ब्वेनोस आयर्सला २००४च्या डिसेंबरात एका क्लबातल्या रॉक कार्यक्रमाला आग लागून १९४ गेली, संकटकाळचं दार बंद होतं, तिथे मात्र बँडमधल्यांनाही शिक्षा झाली. म्हणजे होऊ शकते.

तन्मय_२२
ठीक आहे, शिकागो आणि आर्कान्साबद्दल मला माहीत नव्हतं. तो भाग वाईट आहे. तरीही मी पुन्हा जाईन.

मेघना_डोंबिवली
जा. कठड्याजवळ उभा राहू नकोस.

सांगली_कीबोर्ड
रात्री झोप आली नाही म्हणून लिहितोय. वर मी जे लिहिलं ते अर्धं होतं.

एका यात्रेत आमचा कार्यक्रम होता. मैदानाच्या कडेला पत्र्याची शेड होती, तिच्यावर पोरं चढलेली. ती स्टेजवरून दिसत होती, कारण त्या बाजूला हॅलोजन होता. तिसऱ्या गाण्याला शेड खाली आली. मला आवाज आला नाही, फक्त उजेडातली पोरं नाहीशी झाली. मी ढोलकीवाल्याकडे बघितलं, त्यानेही बघितलं होतं. विंगेतून आयोजक हाताने सांगत होता, चालू ठेवा, थांबलात तर पब्लिक खवळेल. आम्ही आणखी दोन गाणी वाजवली. एक पोरगा गेला, सोळा वर्षांचा. तिसऱ्या दिवशी दुसऱ्या तालुक्यात आमचा कार्यक्रम होता. गणेशवंदनेनेच सुरुवात केली, नेहमीसारखी. पोलिसांनी आम्हाला विचारलंही नाही.

करिअर टिकलं, ताई. त्या पैशांत मुलीचं डिप्लोमाचं शिक्षण झालं. ते टिकायला नको होतं असं तुम्ही म्हणालात तर मला सांगता येणार नाही की तुम्ही चुकताय.

मेघना_डोंबिवली
तुम्हाला मी तसं म्हणणार नाही.

वाईकर
का नाही? त्या गायकाला म्हणता, यांना नाही? दोन गाणी वाजवलीच ना.

मेघना_डोंबिवली
वाजवली. यांनी आज ते लिहिलं. त्याने आधी दोनदा कबूल केलं आणि तिसऱ्यांदाही स्टेजवर तसाच उभा राहिला.

प्राजक्ता_मोहोळ
भाऊ, आता तुम्ही काय करता कार्यक्रमाला?

सांगली_कीबोर्ड
सुपारी घेताना विचारतो, थांबवायचं झालं तर मला कोण सांगणार, आणि तो माणूस कुठे उभा असेल. आयोजकांना आवडत नाही. शुभकार्यात असलं काय विचारता, म्हणतात. गेल्या वर्षी दोन कार्यक्रम त्यामुळे गेले. ढोलकीवाल्याशी एक खूण ठरली आहे, त्याने डावा हात वर केला की मी वाजवणं सोडून माइक घेतो. अजून वापरावी लागलेली नाही. पण कार्यक्रमभर नजर त्याच्या डाव्या हाताकडेच असते.